पहिलं माप

केरूने पायलीभर तांदूळ घेतले, वरून हात फिरवला आणि डब्यात ओतले. ‘लाभ,’ तो म्हणाला. मग दुसरी पायली ओतली. ‘दोन.’

श्यामलाबाई डब्याचं झाकण धरून उभ्या होत्या.

‘काय म्हणालात, केरूदादा?’

‘दोन.’

‘त्याच्या आधी?’

‘लाभ.’ केरू हसला. ‘घ्या! बाई गनिताच्या, नि मोजनी आमच्याकडनं शिकतात.’

दरवर्षी केरू आणायचा ते तांदूळ सासूबाई मोजून घ्यायच्या. बाई तेव्हा शाळेत असायच्या. रामवाडीच्या या घरात बाईंनी पायलीची मोजणी पहिल्यांदाच ऐकली.

‘एक का नाही म्हणत?’

‘नाय म्हनत. पयलं माप देवाचं नाव घिऊन टाकायचं. आमचा बा असाच मोजायचा, आता घरातली पोरं बी तशीच मोजतात. खळ्यावर कोनालाबी इचारा.’

बाई झाकणासकट झोपाळ्यावर बसल्या.

बोर्डाच्या परीक्षक म्हणून नुकतीच तपासलेली दहावीच्या गणिताची एक उत्तरपत्रिका त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. खुर्च्यांच्या रांगांचं उदाहरण होतं. लिहिणाऱ्याने समासात रांगा मांडल्या होत्या: लाभ ५, दोन ८, तीन ११. खाली सूत्र बरोबर, आकडेमोड बरोबर, उत्तर बरोबर. बाईंनी पायरीपायरीचे मिळून तीन गुण दिलेसुद्धा होते. मग ‘लाभ’वर नजर गेली, देवघरावर लिहितात त्या शुभ-लाभातला. उत्तरपत्रिकेत देवाधर्माचा शब्द किंवा ओळखीची खूण चालत नाही, असा नियम. बाईंनी शब्दाभोवती लाल गोल काढला, गुण खोडले आणि शेरा लिहिला: ‘धार्मिक शब्द. संशयित गैरप्रकार.’ त्याच संध्याकाळी त्या कीर्तनाला गेल्या होत्या. नामाचा महिमा चालला होता आणि पुढच्या रांगेत बसून बाई पदराने डोळे पुसत होत्या.

त्यांनी रोह्याला फोन लावला. त्यांनी तपासलेला गठ्ठा पुन्हा पडताळणारे नियामक, यज्ञेश सर, तिथे राहायचे.

‘सर, तो गैरप्रकाराचा पेपर. माझी चूक झाली हो. तो शब्द म्हणजे एक. नुसता एक आकडा.’

‘कुठला पेपर? हां, तो. तो गेला की मंडळाकडे, वेगळ्या पाकिटातनं. मी सही करून टाकली.’

‘तुम्ही वाचला नाहीत?’

‘तुमचा गठ्ठा कशाला वाचायचा, बाई? वीस वर्षांत तुमचा एक गुण इकडचा तिकडे झालेला नाही.’

बाई म्हणाल्या, ‘मी तसं लेखी देते.’

‘द्या. मी पाठवतो पुढे. पण आता त्याचा निकाल राखून ठेवतील आणि सुनावणीला बोलावतील. विचारतील, हे का लिहिलंस म्हणून.’

‘मग मलाही बोलवा ना तिथं. मी सांगते.’

‘सुनावणी त्या मुलाची असते, बाई, तुमची नाही. पेपर कोणी तपासला ते त्याला कळता कामा नये. तुमच्याच भल्यासाठी आहे तो नियम.’

बाईंनी फोन ठेवला. मुलगा की मुलगी, कुठल्या गावची, काहीच माहीत नव्हतं. निळ्या शाईचं सुवाच्य अक्षर तेवढं होतं.

केरूचं हातातलं माप तसंच राहिलं होतं. ‘काय झालं, बाई? घरचं कोन आजारी हाय का?’

बाईंनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. ऐकताना केरू मान हलवत होता.

‘म्हंजे नापास करतील पोराला?’

‘आधी विचारतील. तीन-चार साहेब समोर बसतील आणि विचारतील, हा शब्द कशाला लिहिलास?’

‘हात्तिच्या!’ केरूचा चेहरा खुलला. ‘मंग कशाला जिवाला लावून घेता? खळ्यावरचं पोर हाय, ते खोटं नाय बोलायचं. सरळ सांगंल, साहेब, मी देवाचं नाव लिवलं.’