नमुन्यातलं घर

पहिला प्रश्न सोपा होता. घरात माणसं किती? पण उमादेवीच्या तोंडून तो बाहेर पडेना. समोर बाजेवर गुरम्मा बसली होती आणि पापणी न हलवता तिच्याकडे पाहत होती. आठ वर्षांपूर्वी उमादेवी याच घरातून पहाटे पळून गेली होती. तेव्हा गुरम्मा तिची सासू होती.

बापाने तिला परत पाठवलं नाही, शिकायला घातलं. आता ती लातूरला समाजशास्त्रात एम.ए. करत होती. जिल्हा नुकताच झाला होता, कचेऱ्यांच्या पाट्या नव्या होत्या, पाणी तेवढं कुठेच नव्हतं. दुष्काळात बायकांचे काय हाल होतात, हा तिच्या प्रबंधाचा विषय. संशोधन पद्धती शिकवणारे शेषेराव सर एरवी मवाळ माणूस, पण नमुना निवडायचा म्हटला की भलतेच कडक व्हायचे. घरं चिठ्ठ्या टाकून निवडायची. चिठ्ठीत निघालेलं घर बदलायचं नाही. घरातल्या बायकांना एकेकटीला वेगळं बसवून विचारायचं. आपण फक्त विचारायचं, आपल्याकडून काही सांगायचं नाही.

उदगीरकडचं हे गाव चिठ्ठीत निघालं तेव्हा तिने ती चिठ्ठी दोनदा वाचली होती. एवढ्या मोठ्या गावात नेमकं तेच घर कशाला निघतंय, अशी तिने मनाची समजूत घातली. नेमकं तेच निघालं. गावाबाहेरचं, मळ्यातलं, एकटं घर. त्याच्याऐवजी दुसरं धरलं असतं तर सरांना काही कळलं नसतं. पण मग जन्मभर प्रत्येक चिठ्ठीला भ्यावं लागलं असतं.

"घरात माणसं किती, आत्..." आत्याबाई हा शब्द तिने जिभेवरच गिळला. "मावशी?"

"तीन. मी, माजा लेक आन् सून. लेक गाडीत टिपाडं घालून टँकरवर गेलाय. यील आता."

लेक म्हणजे बसलिंगप्पा, उमादेवीचा नवरा. त्याचा हात कसा पडतो हे तिच्या पाठीला अजून आठवत होतं. तिने आतल्या दाराकडे पाहिलं. अंधारात कोणीतरी उभं होतं. हिरव्या बांगड्या तेवढ्या दिसत होत्या.

"मुलाचं हे पहिलंच लग्न का?"

गुरम्माने आवाज चढवला.

"दुसरं. पहिली हिरीत पडून मेली. मढं बी न्हाई गावलं. लई बोलायची."

बोलताना तिची नजर उमादेवीच्या चेहऱ्यावरून ढळली नाही. म्हातारीने ओळखलं होतं. आणि तरीही तिने हे उत्तर दिलं होतं, दारामागच्या बांगड्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. नवी सून आल्या दिवसापासून हेच ऐकत आली असणार. उत्तर मिळेल तसंच लिहायचं, असं सर म्हणायचे. उमादेवीने उत्तर उतरवून घेतलं आणि आपल्याच हाताने स्वतःला विहिरीत ढकललं.

"आता सूनबाईंना विचारते. आत, एकटीला."

"हितंच इचारा."

"तसा नियम आहे."

"कुनाचा?"

"कचेरीचा," उमादेवी खोटं बोलली. ही कलेक्टर कचेरीतली बाई आहे, असं गावाने परस्पर ठरवूनच टाकलं होतं.

गुरम्माचे ओठ आवळले गेले. पहिली जिवंत असताना लेकाचं दुसरं लग्न लावलं होतं. कचेरी म्हटल्यावर तीही घाबरली.

"बिगीनं आटपा," ती म्हणाली आणि बाजेवरच बसून राहिली.

उमादेवी वाकून स्वयंपाकघरात शिरली. चुलीजवळ नवी सून, सिद्धम्मा, अंग चोरून उभी होती. विशीचीही नसेल. गालावर जुना वण होता. उमादेवी एकेक प्रश्न विचारत गेली आणि ती नुसती मान हलवत गेली. पाणी कुठून आणता, किती हेलपाटे होतात, कोण मदत करतं. मग लांबून बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. तो आवाज उमादेवीने ओळखला. प्रबंध गेला खड्ड्यात, इथून निघावं, असं तिला वाटलं. शेवटचा प्रश्न तिने कसाबसा उरकला.

"दुष्काळानं तुमचं काय नुकसान झालं?"

सिद्धम्माने बाहेरचा कानोसा घेतला.

"माजं न्हाई झालं, ताई," ती पुटपुटली. "लगीन झाल्यापून सासू म्हन्ती, तोंड उघडलंस तर पहिलीवानी हिरीत जाशील. मी भिऊन राहिले. औंदा हीर आटली. गाळ काढाया मलाच उतरवलं. समदा तळ हातानं चाचपला. त्यात कोनीच न्हवतं."

उमादेवीचा पेन थांबला. बैलगाडी मळ्याच्या वाटेला लागली होती.

"ही चौकट लई ठेंगणी हाय," सिद्धम्मा म्हणाली. "नवं मानूस डोकं आपटतंच. तुमी न बघता वाकलात."

बाहेर बाज करकरली. म्हातारी उठत होती. सिद्धम्माने उमादेवीचं मनगट घट्ट धरलं.

"तुमी कोनत्या वाटेनं गेलता?"

आपल्याकडून काही सांगायचं नाही. उमादेवीने पेनाला टोपण लावलं. मागच्या दाराची कडी कुठे आहे ते तिला अंधारातही ठाऊक होतं.

"हिरीच्या मागनं, वढ्यातनं," ती म्हणाली. "चल."