परक्यांची चौकशी

सहा वर्षांपूर्वी कॅनडाहून लेकीचं पत्र आलं होतं : "तात्या, तुम्ही मला कधी काहीच का विचारत नाही?" नाथाजींनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. फलटणच्या वाचनालयात चाळीस वर्षं काढली, पण कोणी कुठलं पुस्तक नेलं हे त्यांनी फौजदारालाही सांगितलं नव्हतं. दुसऱ्याच्या आयुष्यात डोकावू नये, एवढंच त्यांना कळत होतं.

आता लेकीकडे जायचं तिकीट काढताना एजंट जयराज एकेक विचारून संगणकात भरत होता. जेवण कसलं? शेजारी कोण बसणार? अडचण आली तर फोन कुणाला करायचा?

"हे सगळं जातं कुठं?" नाथाजींनी संशयानं विचारलं.

"तिकडच्या सरकारकडं, तात्या. इमान उडायच्या आदीच."

"माझ्या जेवणाशी त्यांना काय करायचंय? आणि वाचून झाल्यावर ते पुढं कुणाला देणार?"

"आवं, इचारतायत तर सांगा की," बायको शालूबाई हसल्या. "कुनी इचारलं तर एवढं दुखतंय व्हय तुमाला?"

"उतरणार कुठं, तात्या? तिथला पत्ता लागंल," जयराज म्हणाला.

पत्ता लेकीच्या पत्राच्या त्या जुन्या पाकिटावरच होता. नाथाजींनी ते पिशवीतून काढलं आणि पत्ता सांगायचं विसरून आतलं पत्रच वाचत बसले.

त्याच दुपारी त्यांनी उत्तर टपालात टाकलं :

"राजेश्वरी, काय जेवतेस? शेजारी कोण राहतं? अडचण आली तर फोन कुणाला करतेस?"