चित्र गेलेला टीव्ही

दूरदर्शनवर संध्याकाळी हरवलेल्या-सापडलेल्या माणसांचे फोटो दाखवायचे, तेव्हा शिंदखेड्याच्या आक्काबाई टीव्हीसमोरून हलत नसत. त्यांचा मुलगा भिका घरातून निघून गेला होता. एके दिवशी टीव्हीचं चित्रच गेलं, नुसता आवाज राहिला. त्यांनी स्वतः जाऊन मेकॅनिक यादवला आणलं.

“भाऊ, आजच चालू कर. आज नेमका माझा भिका दाखवला तर?”

हाय व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर जळला असेल, असं यादवला वाटलं. मागचं झाकण काढून त्याने पेचकस त्याच्याजवळ नेला, तर चरचरत निळी ठिणगी उडाली. म्हणजे ट्रान्सफॉर्मर चांगला होता. पिक्चर ट्यूबकडे जाणारी जाड वायर मात्र कुणीतरी कापली होती.

आक्काबाई चहा ठेवायला आत गेल्यावर त्याने त्यांच्या नवऱ्याला विचारलं, “मोतीलाल आबा, हे कुणी केलं? याच्या शॉकने माणूस मरतो.”

“मीच,” आबा हळूच म्हणाले. “तिचं ते फोटो बघणं मला बघवत नाही.”

“अहो, पण एखाद्या दिवशी दिसेल की भिका!”



“नाही दिसणार. नरडाण्याच्या रुळांवर सापडला तो. मीच ओळखला, अन् तिथंच अग्नी देऊन आलो. हिला सांगायला तोंड उघडत नाही रे.”