सलाइनमधली मुळं

रोशनीने चिमट्यात केसाचं एक मूळ उचललं, भिंगातून नीट पाहिलं आणि पेशंटच्या कपाळावरच्या बारीक छेदात अलगद बसवलं. मग दुसरं. गंगापूर रोडवरच्या त्या दवाखान्यात सर्वांत हलका हात तिचाच, असं डॉक्टर स्वतः सांगत. सकाळी त्यांनी डोक्यामागची मुळं काढली, पुढे छेद दिले आणि ते खाली ओपीडीत गेले. लावायचं काम तिचं.

पेशंटचं नाव तिने सकाळीच केसपेपरवर वाचलं होतं. धनराज सरांनी मात्र तिला ओळखलं नव्हतं. टोपी आणि मास्कमध्ये तिचे फक्त डोळे उघडे होते.

सर जागे होते. बधिर केली होती ती टाळू, जीभ नव्हे.

“ताई, तुम्ही मूळच्या कुठल्या?”

“पेठकडची.”

“अरे वा! तिकडच्या आश्रमशाळेवर बारा वर्षं अधीक्षक होतो मी. पोरं लय बेरकी हो तिकडची. एक पोरगी तर अशी चुरचुरीत! तपासणीला साहेब आले, तर उभी राहून म्हणते, वरणात किडे असतात. पाचवीतली चिमुरडी! साहेब गेले. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला तिला पुढे बोलावलं आणि सगळ्यांदेखत चकोट करून टाकलं. उवा झाल्यात म्हणून सांगितलं.” सरांना हसू आवरेना. “कंबरेपर्यंत केस होते हो! पण नंतर माझ्या शाळेत कोणाची तोंड उघडायची टाप झाली नाही.”

“हसू नका. टाळू हलते.”

काढलेली मुळं ठेवलेल्या बशीतलं सलाइन आटत आलं होतं. तीन-चारशे मुळं अजून लावायची होती. दिव्याखाली ती थोडा वेळ कोरडी पडली की मरतात. मेलेलं मूळही छेदात तसंच बसतं, तसंच दिसतं. आज कोणाला काही कळलं नसतं.

सलाइनची बाटली तिच्या हातात होती. तिने ती तिरकी केली नाही. कडेची मुळं ओलाव्याबाहेर येताना ती पाहत राहिली.

मग तिच्या मनात आलं, केस उगवले नाहीत तर सर डॉक्टरांना शिव्या देतील. आपलं नाव त्यांना कधी कळणारच नाही.

तिने बशी काठोकाठ भरली.

“सर, वरणात किडे होतेच.”

सरांचं हसू अर्ध्यावर राहिलं.

“मी रोशनी भोये. त्या शनिवारी आई मला घ्यायला पेठच्या स्टँडवर आली होती. माझ्यासमोरून दोनदा गेली. तिने मला ओळखलंच नाही.”

पुढचं मूळ तिने नेमक्या कोनात बसवलं. तिच्या बोटाखाली सरांच्या कानशिलाची शीर उडत होती.

“बाळ,” सर म्हणाले, “तू नीट लावते आहेस ना?”

“पंधरा-वीस दिवसांत हे सगळे केस गळतात, सर. सगळ्यांचेच गळतात. मग चार-सहा महिने काहीच दिसत नाही. त्यानंतर कळेल.”

“काय कळेल?”

तिने चिमटा बशीत बुडवून आणखी एक मूळ उचललं.

सरांना मान वळवता येत नव्हती. अंगावरची हिरवी चादर तेवढी हलली. तिच्याखाली त्यांचे दोन्ही हात पोटावरून सरकत छातीपाशी आले आणि एकमेकांना जुळले.

रोशनीने ते पाहिलं.

“हात खाली घ्या, सर. अजून बरंच बाकी आहे.”