पाचवा कॉम्प्युटर

"मॅडम, तुमच्या गाण्यांच्या खात्यातल्या कॉम्प्युटरच्या पाचही जागा भरल्यात. जुने कॉम्प्युटर काढल्याशिवाय नव्यावर गाणी वाजणार नाहीत," कस्टमर केअरची मुलगी फोनवर म्हणाली.

वत्सलाबाईंनी चष्मा सावरून यादी वाचली. पहिले दोन भंगारात गेलेले, तिसरा ऑफिसने परत घेतलेला, चौथा यजमानांचा, आणि ते स्वतःच आता नव्हते. पाचवा निषादचा. लेक वडिलांच्या तेराव्याला भांडून घराबाहेर पडला, त्याला चार वर्षं झाली होती. त्याच्या नावापुढे लिहिलं होतं : शेवटचा वापर, आज सकाळी ७.१०.

"यातला एक ठेवता येईल का हो?"

"नाही मॅडम, सगळे एकदमच निघतात. ज्याला हवं तो पासवर्ड टाकून परत येईल."

निषादला पासवर्ड आठवत नसेल, तर त्याला तो आईलाच विचारावा लागेल. बाईंनी बटण दाबलं. बरं वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही. फोनचा आवाज तेवढा मोठा केला आणि आंघोळीला जातानाही तो सोबत नेला.

तीन दिवस फोन मूग गिळून बसला. चौथ्या दिवशी त्यांनी यादी उघडली. त्यांच्या नव्या कॉम्प्युटरखाली आणखी एक नाव आलं होतं : निषाद. आज सकाळी ७.१०.

पासवर्ड दहावीत असताना त्यानेच ठेवला होता : 'निषादचीआई'. त्यातलं एकही अक्षर तो विसरला नव्हता.

बाईंनी फोनचा आवाज कमी केला आणि कुकर लावायला उठल्या.