नवसाची बुटकी

आखाडातला मंगळवार उजाडला. मरीआईच्या नवसाची कोंबडी धरायला रावजी परसातल्या खुराड्यात वाकला आणि कपाळावर हात मारून उठला. बुटकी याही साली खुडूक होती. पिसं फुलवून अंड्यांवर बसली होती, हात पुढे केला की टोचत होती. अंड्यांवर बसलेली कोंबडी देवीला चालत नाही.

“मुद्दाम करती ही सटवी!” तो बायकोवर खेकसला. “नवसाला म्हणून मोहोळच्या बाजारातनं ही मुठीएवढी कोंबडी आणली. तर दरसाली ऐन आखाडात ही बसती अंड्यावर, आन् सुरीखाली जाती माजी रोज अंडं देणारी एकेक थोरली पांढरी!”

“मग यंदाबी एक पांढरी धरा की,” सोजर म्हणाली.

“न्हाय धरत! लई झालं!” त्यानं बुटकीला पंखाला धरून उचललं आणि तसाच थांबला. तिच्याखाली तिची चिमुकली अंडी नव्हती. मोठाली पांढरी अंडी होती.

“ही तर थोरल्यांची. हितं कुणी ठेवली?”

“मी. आखाड तोंडावर आला की दरसाली ठेवते. अंडी दिसली की ती बसतीच.”

“अगं पण का?”

सोजरनं त्याच्या हातातली बुटकी काढून घेतली आणि पुन्हा अंड्यांवर ठेवली.

“पोरीला गोवर निघाला तवा मरीआईफुडं लोळत काय बोलला हुता तुमी? ‘घरातली सगळ्यात थोर कोंबडी दरसाली देतो’ म्हणला हुता न्हवं? आईनं काय पोरगी अर्धी परत दिली?”