एका रुग्णात आढळले

“हे वाचून कोण सही करणार?” मी संमतीपत्र बाकावर आपटलं. लाखात एकाला होणारा माझा हृदयविकार, चाचणीतलं नवं औषध आणि धोक्यांच्या बारा ओळी. नववी ओळ होती: ‘ठोके अचानक मंदावून शुद्ध हरपणे, एका रुग्णात आढळले.’

शेजारी तपासणीला आलेल्या बाईंनी चष्मा चढवून त्या ओळीवर बोट ठेवलं.

“हा रुग्ण म्हणजे मी. पुतणीच्या लग्नात जिलेबी वाढताना ताटासकट आडवी झाले.”

“तरी औषध घेताय?”

“डॉक्टरांनी डोस निम्मा केला. आता तीन मजले न थांबता चढते. तुला तर पहिल्यापासून निम्माच देणार, खाली लिहिलंय बघ.” त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. “माझ्या वेळी ही ओळच नव्हती, पोरी.”